मागचा पाय

उलवे, १० नोव्हेंबर २०२५

ती. दिपिका आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ब्लॉक केलंय, म्हणून पत्र. पप्पांच्या सख्ख्या बहिणीने भरल्या मैदानात माझं नाक कापलं! सॉफ्टबॉलची फायनल, शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले, माझे तीन पिच बाहेर जाऊन तीन बॉल झालेले. मी टाकलेला पुढचा पिच मधोमध गेला, बॅटरला दिसलासुद्धा नाही आणि तू अंपायर म्हणून डावा हात आडवा केलास. पिच बेकायदा! तो चौथा बॉल धरला, बॅटर फुकट पहिल्या बेसवर, तिसऱ्यावरची पोरगी घरात, त्यांना जिंकणारा रन. फायनल गेली.

पप्पा म्हणाले, आपलीच मानसं आपला घात करतात. तेवीसला राज्य संघाची निवड चाचणी आहे, तिथेही तूच अंपायर. येऊ नकोस.

लोभ उरलाय की आटला, ते तूच कळव.

भाविका


पळस्पे, १४ नोव्हेंबर २०२५

चि. भाविकास,
अनेक आशीर्वाद, रागासकट.

घात? तुझ्या बापाला विचार, सामन्याआधी फोन करून मला काय म्हणाला. जरा कानाडोळा कर, पोरगी घरचीच हाय. म्हणजे माझ्या भावाला, भगवानला, सगळं ठाऊक होतं! समोरची बॅटर काय रस्त्यावर पडलीय?

नियम साधा आहे. पिच टाकताना पायाखालच्या पट्टीवरून जोर लावल्यावर मागचा पाय घासत पुढे यायला हवा. तू तो उचलतेस, पुढे टेकवतेस आणि तिथून पुन्हा जोर लावून बॉल सोडतेस. म्हणजे बॅटरच्या जवळून टाकतेस. आधीच्या इनिंगला सांगितलं, तर मान उडवलीस. चाचणीतही असंच टाकलंस तर मी नाही, दुसरा कोणीही तुला बाहेर काढेल. पाय उचलायला शिकवलं कुणी?

माया आहे म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर कागद फाडला असता.

तुझी आत्या


उलवे, १९ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
नमस्कार. सा. दं. वगैरे भेटल्यावर.

मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ हळू करून पाहिला. पाय हवेत आहे. तुझं खरं निघालं, याचा जास्तच राग आला.

शिकवलं आईने. नव्या विमानतळाच्या जागेत जुनं घर गेलं तेव्हा पप्पांनी उंबरा तेवढा काढून आणला आणि मला पिचिंगची पट्टी म्हणून तोच अंगणात पुरला. आईने नमस्कार करून उभं राहू दिलं, पण पाय घासला की ओरडायची, लक्ष्मी हाय ती. मग मी पाय उचलायला लागले. पप्पा रोज बघत होते. बायकोला दुखवायची हिंमत नाही, म्हणून बहिणीला फोन!

काल दोघांनाही खूप बोलले. घर गेलं तेव्हा कोणी तोंड उघडलं नाही, आणि आता लाकडाचा मान माझ्या पायाने राखायचा? मग आईच्या देखत त्यावरून पाय घासत अंधार पडेपर्यंत पिच टाकले. लाकडाला चर पडलाय. आई रडली, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पप्पाही बोलत नाहीत.

एवढं करून माझी निवड झाली नाही, तर या घरात मला तोंड दाखवायला जागा नाही. म्हणून तेवीसला नक्की ये, आणि पाय जरा जरी उचलला तर मला सोडू नकोस.

लोभ ठेव, दया नको.

तुझी भाविका