टेपमधले नाना

२२ जानेवारी १९९४, पेडगाव

आज पुन्हा पोलीस स्टेशनला जाऊन आले. विद्यापीठाच्या गेटावरचं नवं नाव बघायला नाना ट्रकमधून औरंगाबादला गेले, त्याला आठवडा होत आला. ट्रकमधली बाकी सगळी माणसं परत आली. नाना पाणी प्यायला म्हणून गर्दीत उतरले आणि

हवालदार नीट वागले. चहा सांगितला. म्हणाले, "ताई, वर्णनावर काय शोधायचं? सावळे, मध्यम उंची, धोतर, पांढरी टोपी. असले कितीतरी मला या खिडकीतून दिसायलेत. वडलांचा फोटो आणा. सगळीकडं पाठवतो. टीव्हीवर हरवलेल्यांत दाखवतात, तिकडं बी पाठवतो."

फोटो नाही. माय-नानांच्या लग्नाचा एक होता. अठ्ठ्याहत्तरला याच नावावरून वस्ती पेटवली त्यात गेला. त्याच दिवशी नानांच्या डोक्यात लाठी बसली. तेव्हापासून मधूनच भ्रम होतो. आपण कोण, कुठले, काही आठवत नाही. कुणी नावानं जोरात हाक मारली की डोळे मिचकावतात आणि परत येतात. परक्या गावात नावानं कोण हाक मारणार?

स्टँडवर मागून एकजण, मला ऐकू यावं असं: "नाव बघाया गेला न् गाव इसरला." मी वळले नाही. वळायला पाहिजे होतं.

२३ जानेवारी

भाकरी थापता थापता सुचलं. सुनंदाचं लग्न! मामाची सुनंदा. गेल्या उन्हाळ्यात पोखर्णीला लग्न झालं. मामानं हौसेनं परभणीहून रियाजभाई व्हिडिओवाल्याला बोलावलं होतं. नाना दिवसभर मांडवातच होते. कुठंतरी सापडतीलच.

मामाला निरोप दिलाय. कॅसेट घेऊन ये म्हणून.

२४ जानेवारी

मामा कॅसेट घेऊन आला, येताना परभणीतून भाड्याचा टीव्ही-व्हीसीआर पण आणला. संध्याकाळी सगळी वस्ती आमच्या अंगणात. एवढ्या लग्नात नाना कुठं आहेत? मांडवात पाठमोरे. बुद्धवंदनेला गर्दीत नुसती टोपी. मग पंगत. बुंदी वाढता वाढता मान वर करतात, पूर्ण चेहरा. मी पटकन बटण दाबलं. चित्र थांबलं.

माय उठून पुढं गेली, काचेवर हात ठेवला.

"उपाशी दिसायलेत का गं?"

"माय, हे गेल्या उन्हाळ्यातलं आहे."

"मला कळतंय की."

शेजारची शांताकाकू म्हणाली, "बुंदी वाढताना बी हात आखडताच हाय बघा." सगळे हसले. मायसुद्धा. आठवड्यात पहिल्यांदा.

मग "सुशे, परत लाव", "थांबव, थांबव तितंच". वाड्यातून, शेतातून उशिरा आलेल्यांसाठी परत. मायसाठी परत. मी थांबवत राहिले. माय समोर बसून जेवली. त्यांच्या समोर.

२५ जानेवारी

शाळा सुटल्यावर, मुलांच्या वह्या तपासायच्या ठेवून, परभणी. रियाजभाईंच्या स्टुडिओत. टीव्हीवर चित्र थांबवायचं आणि कॅमेऱ्यानं त्या टीव्हीचाच फोटो काढायचा, असं मी म्हटलं. त्यांनी असं कधी केलेलं नाही. पण बोलायला कमी नाहीत. "मॅडम, टीवी क्या और नवरी क्या. हलली न्हाई म्हंजे झालं."

फ्लॅश मारून बरेच काढले. उद्या धुऊन मिळतील. बसमध्ये खिडकीशी बसून उगाच आनंदात होते.

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून तशीच स्टुडिओत. प्रत्येक फोटोत टीव्हीचं खोकं आणि मधोमध पांढरा गोळा. रियाजभाई बघून म्हणाले, "नाना तो नूर हो गये!" नूर, नुसता उजेड; माणूस गेल्यासारखंच. लगेच जीभ चावली, कानाला हात लावले. "माफ करना मॅडम, तोंडातून गेलं."

राग त्यांचा नाही आला. माझाच आला. घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही बी.एस्सी. खिडकीच्या काचेवर बॅटरी मारली तर आतला माणूस दिसत नाही, हे कळायला डिग्री लागते? टीव्हीला स्वतःचाच उजेड आहे. आपला उजेड मधे आणायचाच नाही.

पडदे ओढले. दिवे बंद. कॅमेरा स्टँडवर. फ्लॅश नाही. पुन्हा काढले.

२८ जानेवारी

गोळा गेला, आता चित्रावर आडवा काळा पट्टा. दर फोटोत वेगळ्या जागी. काल रात्री घरी वहीवर आकृत्या काढत बसले तेव्हा लक्षात आलं. टीव्हीचं चित्र एकदम उमटत नाही, ओळीओळीनं वरून खाली काढलं जातं. आपण घाईनं टिपतो तेव्हा ते अर्धवटच असतं. शटर हळू पाहिजे.

आज स्टुडिओत शटर हळू केलं. रियाजभाईंनी धुतलं, आम्ही ओला फोटोच उजेडात धरला. पट्टा नाही. पण गालावरून नाकापर्यंत पांढरा ओरखडा, आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या थरथरत्या रेघा. कॅसेट लावून बघितली, तिथंही तसंच. पहिल्या संध्याकाळी हा ओरखडा नव्हता. मला नक्की आठवतं.

रियाजभाईंनी विचारलं, "या जागी किती वेळ थांबवली होती?"

मी सांगितलं.

ते म्हणाले, "चित्र थांबतं मॅडम, पण आतला हेड, पट्टी वाचणारा, तो फिरतच राहतो. त्याच जागेवर घासतो. एकदोनदा ठीक हाय. तुमी तर पाट्यावर चटणी वाटली."

आम्ही बघून बघून नानांना पुसलं.

घरी मायनं विचारलं, फोटो निघाला का. निघतोय म्हटलं. तिला कारण कधीच सांगणार नाही.

३१ जानेवारी

मामा औरंगाबाद, जालना, मनमाड फिरून आला. पाय सुजलेत. सगळीकडं एकच, फोटो दाखवा. त्यानं तो ओरखड्याचा दाखवला. जालन्यात एकानं फोटो बघून मामाकडं बघितलं, म्हणाला, "तुमचाच हाय का?"

मनमाड स्टेशनवर एक हमाल मात्र म्हणाला, असा एक टोपीवाला म्हातारा फलाटावर असतो कधी कधी. कुणाशी बोलत नाही. मामा तिथं दिवसभर थांबला. दिसला नाही. "नीट फोटो असता तर हो-न्हाई कळलं असतं गं," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

थंडी आहे. अंगावर काय आहे त्यांच्या?

२ फेब्रुवारी

काय दिवस. नीट लिहिते.

आज सुट्टी घेतली. सकाळी शांताकाकूच्या भाच्याच्या घरी, जिंतूर रोडवर, त्यांच्या व्हीसीआरवर कॅसेट न थांबवता पुढं जाऊ दिली. डोळे मिटून. बघायची हिंमतच नव्हती म्हणून नुसती ऐकत होते. बुंदीची पंगत संपते आणि सुनंदाची पाठवणी सुरू होते, त्या सांध्यावर रियाजभाईंचा आवाज. "नाना, ह" आणि तुटतो. चित्रात मेंदीचा हात. नाना कुठंच नाहीत.

म्हणजे तिथं नाना होते. कापलेत.

धावत स्टुडिओत. कुलूप. वरच्या खिडकीतून भाभी म्हणाल्या, "वो तो येलदरी गये, शादी की शूटिंग को." न कापलेली, कच्ची कॅसेट? "वो रखते कहां जी, उसी पे दूसरी शादी उतारते. आज भी पोखर्णीवाली पुरानीच लेके गये."

जिंतूरची एसटी. तिथून जीपमध्ये मागं लटकत. येलदरीला पोचले तर वरात निघालेली, बँड जोरात. रियाजभाई खांद्यावर कॅमेरा घेऊन उलटे चालत होते. मी सरळ जाऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिले.

"मॅडम, हटो! शॉट खराब होतोय!"

"कॅसेट काढा. तिच्यात नाना आहेत."

बँड थांबला. वरातीतून कुणीतरी, "कोन हाय आत?"

"माझे वडील."

"आगं बाई, कॅमेऱ्यात बाप हुडकायलीस व्हय?" हशा पिकला. मी हलले नाही. नवरदेवच घोड्यावरून म्हणाला, "काढा हो भाऊ. आमाला काय घाई न्हाई. घोडा बी दमलाय." परमेश्वर वगैरे मी मानत नाही, पण त्याचं भलं होवो.

रियाजभाईंनी कॅसेट काढून हातात दिली. "यांची हळद आलीय हिच्यावर. जितकं गेलं तितकं गेलं मॅडम. उद्या बघू. अन् जपा, यांची हळद पण हिच्यातच हाय."

नाना का कापले, मी विचारलं. ओशाळले. "खांबासारखे उभे व्हते. तुमच्याकडची निम्मी माणसं कॅमेरा दिसला की श्वास रोखतात. फोटोच समजतात. मिक्सिंगमध्ये तसले सगळे काढून टाकतो. बघायला बरं दिसत न्हाई."

कॅसेट साडीच्या पदरात बांधून आणली. ती उशाशी आहे.

३ फेब्रुवारी

स्टुडिओ. पडदे ओढलेले. कॅमेरा आधीच स्टँडवर, रोल भरलेला. मगच कॅसेट लावली.

येलदरीची हळद. पिवळे हात, पिवळे गाल, बायकांची गाणी, संपतच नव्हतं. रियाजभाई पुटपुटत होते, गेलं बहुतेक. मग वरात, कॅमेऱ्यासमोर उभी मी, तेही मधेच तुटलं, पडद्यावर मुंग्या मुंग्या, आणि नाना.

लिंबाखाली. सरळ, हात मांडीला चिकटवून, टोपी नीट केलेली. कॅमेऱ्याकडं थेट बघत. मागं पानं हलतायत, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक उडतंय, नाना हलत नाहीत. रियाजभाईंचा आवाज, "नाना, हला की! ह्यो व्हिडिओ हाय, फोटो न्हाई!" माणसं हसतात.

आणि अगदी जवळून मायचा आवाज. "हलू नका हो तुमी. फोटो बिघडंल. तसंच ऱ्हावा."

ते तसेच राहतात.

रियाजभाईंचा हात थांबवायच्या बटणाकडं गेला. मी मनगट धरलं. "टेप थांबवायची नाही. नानाच थांबलेत."

तेवढ्यात लाईट गेली. कॅसेट मशीनच्या आत अडकलेली. अंधारात आम्ही दोघं नुसते बसून. त्यांनी चहा मागवला, प्यायला नाही कुणी. त्या वेळात मी त्यांना सांगितलं, खरं तर स्वतःलाच. चालू टेपमध्ये मुंग्या दर चित्रात वेगळ्या जागी असतात. शटर हळू असलं की त्या एकमेकींना पुसतात. हललेला माणूस असता तर तोही पुसला गेला असता. जो हलत नाही तो उरतो.

लाईट आली. पट्टी शाबूत होती. मागं घेतली. वरात, मुंग्या, लिंब. शटर हळूच उघडलं, मिटलं. पुन्हा. मायचा आवाज संपेपर्यंत काढत राहिले. मग लगेच मशीन बंद. नुसतं बघण्यासाठी परत लावली नाही. लावावीशी फार वाटली.

५ फेब्रुवारी

फोटो आला. कपाळाच्या कडेला अठ्ठ्याहत्तरची खूणसुद्धा दिसते. सदऱ्याच्या गुंड्या दिसतात. डोळे थेट माझ्याकडं.

रियाजभाई म्हणाले, "टीवी का फोटो है, कोई बोलेगा नहीं."

येलदरीवाल्यांची हळद आणि वरात त्यांनी दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दिली. ही आम्हाला.

हवालदारांनी फोटो खिडकीशी नेऊन बघितला. "हां. आता झालं काम." प्रती पाठवल्या.

मायनं फोटो कडेनं धरला, चेहऱ्याला बोट न लावता. बघून बघून टेप पुसल्याचं तिला कुणी सांगितलं? मामानं? विचारलं नाही. तिला आवाजाचं सांगितलं. "मी बोलले व्हय?" आठवत नव्हतं. मग म्हणाली, "अठ्ठ्याहत्तरला लग्नातला जळाल्यापास्नं एक फोटो पायजे व्हता मला. म्हणून बोलले आसंल." मग परत बघून, "बिघडला न्हाई, न्हाई का?"

८ फेब्रुवारी

पो. स्टे. मधून निरोप. मनमाडच्या हमालानं फोटो ओळखला. हाच तो, म्हणतो. फलाटावरचा चहावाला म्हणतो, त्या म्हाताऱ्याला मिशा आहेत, हा नव्हे. तीन आठवड्यांत मिशा वाढतात की. वाढतात ना?

उद्या पहाटेची गाडी. मी आणि मामा.

मायनं भाकरी बांधली, नानांची दुसरी टोपी धुऊन वाळवली. दारात म्हणाली, "दिसले की पळत जाऊ नको, बिचकत्याल. लांबूनच नावानं हाक मार. अन् म्हण, हलू नका, तसंच ऱ्हावा."

"मी नावानं?"

"मग कोण? मला घेता येतंय व्हय त्येंचं नाव?"

९ फेब्रुवारी, गाडीत

अक्षर हलतंय. मामा झोपलाय. फोटो वहीत आहे, सारखी उघडत नाही.

नानांचं नाव मी आजवर फक्त लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर, कॉलेजच्या फॉर्मवर, माझ्या नावाच्या पुढं. तोंडानं कधी नाही. खिडकीकडं तोंड करून हळूच म्हणून बघितलं. किसन. आवाज फुटला नाही. जोरात लागणार आहे, फलाटावर गाड्यांचा आवाज असतो.

पुन्हा म्हटलं. समोरच्या बाईनं वळून बघितलं.

मनमाड यायला अजून वेळ आहे. म्हणत राहते.