मलम काढलं तर गाढव कुठून आणू

३ मार्च, सोम.
रोमन लोकांची जुनी गोष्ट मराठीत उतरवून पुरी. एकट्यानं, शब्दकोश मांडीवर, दुकानात जळक्या मोटारींत तार भरता भरता. परमुलखात जादू बघायची खाज असलेला एक प्रवासी. पक्षी व्हायला जादूचं मलम अंगाला फासतो, डबी चुकते, गाढव होतो. गुलाब खाल्ला की परत माणूस. २२ ला वाचनालयात वाचायची. सौ. म्हणे, "गाढवासाठी तीन वर्षं?" हो.

६ मार्च
वाचनालयाचे सर दुकानात. मलमाचा भाग काढा, लोक करणीचा अर्थ घेतील, स्वप्न पडलं असं करा. म्हटलं, "सर, मलम काढलं तर गाढव कुठून आणू?" मग नंतर बघू म्हणाले. म्हणजे रद्द. एक ओळ बदलणार नाही.

९ मार्च
एक शंका छळायलीय. गाढव गुलाब खातं का? न पाहिलेलं छातीठोक वाचू कसं?
सौ.च्या माहेरी धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात. दर साली पळालो. यंदा जाणार. 

१४ मार्च, धुळवड
आपणहून जाऊन उभा राहिलो. गाव हिरमुसलं. मेव्हणा काकुळतीला, "दाजी, जरा तरी पळा की." नाही पळालो. अट एकच: खेटरांच्या हारावर एक गुलाबाचा.
वेशीपासून गोष्ट सुरू केली, मलमासकट. हलगी आपोआप थांबली. मारुतीपाशी उतरलो, गुलाबाचा हार गाढवापुढं धरला. हुंगलं. बराच वेळ. मग एक फूल खाल्लं. सगळे गाढवाकडं बघायलेत. एक म्हातारी दोन पावलं मागं सरकली.
गोष्ट तिथंच तोडली. पुढचं वाचनालयात, सरांना विचारा म्हटलं.

१७ मार्च, सोम.
सासुरवाडीची माणसं जीप भरून बाजाराला आलेली. वाचनालयात शिरून सरांना विचारलं म्हणे, माणूस झाला का त्याचा? सरांना काय ठाऊक.
सायंकाळी सरांचा निरोप: २२ ला या, पण मलम आटोपतं घ्या.
उलट निरोप धाडला: मलम डोक्यापासून खुरापर्यंत लागेल. अजून उत्तर नाही.
ओळ बदलली ती एकच, ती पण गाढवाच्या सांगण्यावरून. आधी हुंगतं, मग खातं.
२२ ला जाणार. खुर्च्या मांडल्या असल्या तर आत, नसल्या तर पायरीवर. सौ.नं सदरा इस्त्रीला काढला.