लेकीच्या घरचे वडाम

अंबासमुद्रम,
७ मे १९८६

चि. सौ. गोमतीस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू, आरोग्यसामी आणि तुमची मुलगी खुशाल असाल. मुलगी झाल्याचं शेजारच्या पिच्चम्माळकडून कळलं. नाव मात्र तिलाही सांगता आलं नाही. आठ वर्षांत माझी एक ओळ नाही आणि आज अचानक एवढं मोठं पाकीट, म्हणून घाबरू नकोस. म्हणजे, आधी तुझ्या अम्मानं माझा किती जीव खाल्लाय ते ऐक, बाकीचं मग लिहिते.

वडाम! या तांदळाच्या पापड्यांपायी गेला पंधरवडाभर माझ्या डोक्याची मंडई झाली आहे. कडक ऊन पडायला लागलं आणि गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर वडामांचे कपडे अंथरले गेले, आमची एक सोडून. शेवटी मी पिच्चम्माळच्या गच्चीवर घातले. तांदूळ तिचे, साबुदाणा तिचा, चूल तिची, राबणारे हात तेवढे माझे. पहाटे उठून चीक शिजवला. ढवळून ढवळून खांदे भरून आले. पिच्चम्माळ मदतीला होती, म्हणजे पायरीवर बसून कॉफी पीत होती आणि जावयाच्या तक्रारी सांगत होती. उजाडता उजाडता ओला कपडा अंथरला, कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवली आणि वडाम घालायला बसले, तो खालून आपल्या अंगणातून अम्माचा आवाज आला.

"कांतिमती, चीक पातळ झालाय!"

"न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"ऐकू येतंय की. घट्ट चीक असा टपटप पडत नाही. तीस वर्षं काय शिकलीस माझ्या हाताखाली?"

गोमती, मला या घरात येऊन बावीस वर्षं झाली. भांडताना ती मनाला येईल तेवढी वाढवते. आणि संताप याचा, की चीक खरंच पातळ होता.

तेवढ्यात छत्रीला न जुमानता एक कावळा कपड्यावर उतरला. मी काठी उचलली. जन्मभर या कावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेली ही बाई खालून म्हणाली, "राहू दे गं. खाऊ दे त्याला." मी काठी खाली ठेवली.

वाळल्यावर डबाभर घरी आणले, मूठभर तळून अम्मापुढे ठेवले. तिनं ताटली बाजूला सारली.

"हे शेजारणीचे."

"अशा वर्षी शेजारचेच खातात, अम्मा."

"ज्यांना मुलगी नाही ते खातात. मला मुलगी आहे."

आता मला टाळता येणार नाही. आमची गच्ची का रिकामी आहे, हे तुला वर वाचतानाच कळलं असेल. आपल्याकडे ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात वर्षभर वडाम घालत नाहीत. अप्पा गेले, गोमती. पोंगलनंतर लगेच. छातीत कफ झाला होता, दवाखान्यात नेलं, पण उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी तुझं नाव घेतलं असं लिहिलं तर तुला जरा बरं वाटेल, पण खोटं कशाला लिहू? नाही घेतलं. बोलण्याइतका श्वासच उरला नव्हता.

तुला तार करूया, असं मी तिथल्या तिथे म्हटलं होतं. तुझा अण्णा म्हणाला, "अप्पांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. मेलेल्या माणसाला कोण तार करतं?" घर माणसांनी भरलेलं, भटजी खोळंबलेले. मी गप्प बसले, आणि तेव्हापासून रोज चिडते आहे. ह्यांच्यावर, स्वतःवर, पोळीत मीठ जास्त पडलं तरी चिडते. तूही चीड. तुझा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे.

तर, "मला मुलगी आहे" हे अम्माचं बोलणं तुझा अण्णा हात धुताना ऐकत होता. तिथूनच म्हणाला, "कोण मुलगी?"

अम्मा उठली नाही की आवाज चढवला नाही. म्हणाली, "शिवशैलम, इकडे ये. माणूस गेलेल्या घरात वर्षभर वडाम घालतात का रे?"

"नाही."

"गोमती गेली त्या उन्हाळ्यात तुझे अप्पा नदीवर जाऊन तिच्या नावानं डोक्यावरून पाणी घेऊन आले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी काय केलं?"

तुझ्या अण्णानं पंचाला हात पुसले. अम्माच पुढे म्हणाली,

"वडाम घातले. गच्चीभर घातले, गल्लीला दिसतील असे. तुझे अप्पा वर आले, बघितले आणि एक शब्द न बोलता खाली गेले. तळून पानात वाढले ते खाल्लेसुद्धा, दोनदा मागून घेतले. ते काय वडामांना भुलणारे होते? त्यांना कळलं होतं. तुला तेवढं कळलं नाही. या घरात कोण मेलं होतं रे तेव्हा?"

त्या पहाटे चीक ढवळायला मीच होते, गोमती. मला वाटलं होतं, या बाईला काळीज नाही. लेक ख्रिस्ती मुलाबरोबर घर सोडून गेली आणि हिला वडाम सुचतात! आठ वर्षं मी मनात तिला बोल लावत होते.

तुझा अण्णा चपला घालून बाहेर गेला. संध्याकाळी परत आला तो माझ्यापुढे हे पाकीट टाकून म्हणाला, "पत्ता पिच्चम्माळकडून घे." त्याच्याकडून एवढ्यावर समाधान मान. मी मानलेलं नाही.

तर दुखवट्याच्या घरी वडाम लेकीकडून यायचे असतात आणि अम्माला ते तुझ्याकडचे हवे आहेत. तू शिकण्याआधीच गेलीस, म्हणून ती आत्ता माझ्या मानगुटीवर बसून सांगते आहे. तांदूळ आणि साबुदाणा भिजवून रात्री वाटून ठेव. पहाटे उकळत्या पाण्यात हळूहळू सोड, ढवळणं थांबवू नकोस. चीक चकाकायला लागला की झाला. हिरवी मिरची वाटून, हिंग, लिंबू. ओल्या चिकात मीठ चवीला बरोबर लागलं, तर समज की बिघडलं. वाळल्यावर खारट होतात. जरा अळणीच हवं. ऊन चढायच्या आत घालून मोकळी हो. दुसऱ्या दिवशी कपडा उलटा करून पाठीवर पाणी शिंपड, म्हणजे न तुटता सुटतात.

"नवं पातेलं घे म्हणावं," अम्मा म्हणते. "त्या घरात मासे शिजतात." मग थोड्या वेळानं, "नसेल तर घासून घे म्हणावं." आणि आता, मी हे लिहीत असताना, "जाऊ दे, ते काही लिहू नकोस." मी लिहिलं. माझ्यावर बावीस वर्षं हुकूम सोडलेत तिनं, एवढा सूड चालेल.

सोबत अप्पांचं वेष्टी आहे, त्यांचं नेसायचं धोतर. वडामांना नेहमी विरलेलं जुनेर घेतात, पण हे चांगलं आहे, काठ अजून कोरे आहेत. मी म्हटलं, अम्मा, हे कशाला खराब करायचं? तर म्हणाली, "तिला दुसरं काय देणार मी त्यांचं?" वडाम त्याच्यावर घाल किंवा जपून ठेव, तुझी मर्जी.

आणि पोस्टानं पाठवू नकोस, चुरा होईल. घेऊन ये. मुलीला आण, आरोग्यसामीलाही आण. मागच्या दारानं नाही, पुढच्या.

तू आम्हाला शिव्या देशील. वडील गेले आणि चार महिन्यांनी वडाम मागायला पत्र येतं, कुणीही देईल. दे. पण तिकडे बसून देऊ नकोस. इथे ओसरीवर उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा दे, आधी तुझ्या अण्णाला, मग मला. आठ वर्षं या घरात तुझं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं. भांडणासाठी का होईना, अम्माच्या कानावर एकदा तुझा आवाज पडू दे.

वाट पाहणारी, आणि शिव्या खायला तयार असलेली,
तुझी वहिनी
कांतिमती