वंदनाने बांधलेली वायरिंग

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी पासिंगला नापास.

पंधरा वर्षं भरतायत, कागदाची मुदत ३० तारखेला संपते, म्हणून रजा टाकून पालघरला नेली. पाच मिनिटांत निकाल. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे लुकलुकतात. हेडलाइट लावले की वायपर अर्ध्यात अडकतो. इन्स्पेक्टर तरुण, बोलायला नीट. म्हणाले, तुम्ही थांबताय की वळताय, हे मागच्या माणसाला कळायला हवं. बरोबरच आहे. दुरुस्त करून पुन्हा आणा म्हणाले.

घरी येईपर्यंत एकच विचार. माझा डावा पाय पोलिओचा. या गाडीला क्लचचा हाताचा दांडा बसवून घेतलाय, तो बसवणारा मिस्त्री केव्हाच गुजरातेत गेला. दुसरी गाडी म्हणजे पुन्हा तसा माणूस शोधा, पुन्हा परवानग्या. ही गेली तर शाळेत रोज कसं

पुढे लिहीत नाही.

६ नोव्हें., गुरुवार

बोईसरला रामजीतकडे गाडी दिली. गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो, हात चांगला आहे म्हणतात. बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला, फ्यूज बदलले. ब्रेक दाबला. उजवा इंडिकेटर पेटला.

८ नोव्हें., शनिवार

रामजीतने हात टेकले. प्रामाणिक माणूस, उगाच फिरवलं नाही. "सरजी, समुंदर की हवा ने खा लिया. पूरी वायरिंग डालनी पड़ेगी, और इसकी अब मिलती नहीं." त्याने डॅशबोर्डखालून एक वायर ओढून दाखवली. आत तांबं नव्हतंच जवळजवळ, हिरवी पूड.

गाडी घरी नवापूरला परत आणली. अंगणात लावली आणि स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. वंदना, माझी बायको, वलांडीवर वाळलेले बोंबील उतरवत होती. तिने बघितलं.

९ नोव्हें., रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी चहा घेताना वं. म्हणाली, "मी बगू काय गाडी?" मला वाटलं, आत पाणी शिरलंय का ते बघणार असेल. बघ म्हटलं.

तिने मागचं दार उघडलं, रबराची चटई काढली, मागच्या दिव्याचे दोन स्क्रू सोडून दिवा बाहेर घेतला. मग घरातून एक लांब वायर आणली. एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला पिळलं, दुसरं पुढे नेऊन बॅटरीच्या मायनसला लावलं. मला म्हणाली, बसा आणि ब्रेक दाबा. दाबला. "इंडिकेटर द्या." दिला. मागून तिचा आवाज आला, "या, बगा."

उतरून मागे गेलो, तोवर तिने पुढे येऊन पेडलवर वीट ठेवली. ब्रेकचा दिवा लाल, स्थिर. शेजारी इंडिकेटर, एकटा, आपल्या तालात. एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. रामजीतच्या तीन दिवसांत जे झालं नाही ते एका वायरीत.

विचारलं, कसं काय? तिने सांगितलं ते असं: दिव्यात करंट जातो तसा त्याला परत जायला रस्ता लागतो. तो रस्ता गंजून बंद झालाय. मग करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो. वळायचा दिवा उगाच पेटतो तो बिचारा त्यामुळे. "पाण्यासारखंच हाय. गटार तुंबलं की शेजाऱ्याच्या अंगणात जातं."

मग म्हटलं, रामजीतकडे नेली तेव्हाच का नाही बोललीस?
"तुमी त्याला दिलीत. मंग मी कशाला बोलू?"

१० नोव्हें., सोमवार

वं. तारापूर एमआयडीसीत चौदा वर्षं होती. गाड्यांच्या वायरिंग बांधायची कंपनी. कुणी विचारलं की मी सांगायचो, 'पॅकिंगला आहे.' पॅकिंग कशाचं, मला तरी कुठे ठाऊक होतं. तिने कधी दुरुस्त केलं नाही माझं.

आज जुनी वही काढली. तिची कंपनी बंद झाली त्या दिवशी मी लिहिलंय: 'वं. ची कंपनी बंद. परीक्षेचे फॉर्म आले नाहीत.' एवढंच. बाकी पानभर शाळेच्या ऑफिसातल्या फॉर्मांबद्दल.

११ नोव्हें., मंगळवार

संध्याकाळी वं. ने मागची सगळी वायरिंग बाहेर काढली. मनगटाएवढी जाड जुडी, काळ्या टेपने गुंडाळलेली, जागोजागी फांद्या फुटलेल्या. ओट्यावर चादर टाकून तिच्यावर पसरली. मासा साफ करताना जसं बघते तसं बघत होती. कुठे कापायचं, कुठे नाही.

टेपवर बोट फिरवता फिरवता थांबली. म्हणाली, "ही बाई डावखुरी हुती."
कोण बाई?
"हे बांधणारी. टेप उलट्या हातानं आलीय बगा. आमच्या लायनीत पण एक हुती, तिची टेप अशीच यायची."

आणि टेपिंगला बायकाच असतात म्हणाली, पुरुषांची बोटं तेवढी चालत नाहीत.

मी ती टेप हातात घेतली. तिरकी, एकसारखी, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. पंधरा वर्षं माझ्या सीटखालून गेलेली. मी ब्रेक दाबला की त्या बाईने गुंडाळलेल्या वायरीतून दिवा लागायचा. तिचं नाव नाही, गाव नाही. ती कुठल्या शहरात असेल, तिला कुणी विचारलं असेल का, आज काय बांधलंस म्हणून.

१३ नोव्हें., गुरुवार

गाडी उघडी पडलीय, त्यामुळे शाळेत रिक्षाने. मागे तिघांत बसलो. पायातल्या कॅलिपरची कड शेजारच्या बाईंच्या पायाला लागली, त्या आवरून बसल्या. पामच्या पुढे शाळेपाशी उतरताना पाय अडकला, हातावर पडलो. खरचटलं. शिपाई धावत आला, भाऊसाहेब भाऊसाहेब करत; क्लार्कला सगळे तेच म्हणतात. सगळा स्टाफ स्टाफरूममधून बघतोय.

वं. ला सांगितलं नाही. तिने तळहात बघितला आणि हळद लावली.

१५ नोव्हें., शनिवार

बोईसर बाजारात वायर घ्यायला दोघं. दुकानदार सगळी लाल देत होता, वायर ती वायर म्हणून. वं. अडून बसली. ब्रेकला हिरव्यावर पांढरी रेघ, उजव्या इंडिकेटरला हिरव्यावर पिवळी, डाव्याला हिरव्यावर लाल, परतीची काळी. तीन दुकानं फिरलो. मी थकलो होतो, म्हटलं दिवा तर लालनेही लागेल.

"लागंल. पण उद्या कोण उघडंल त्याला कळाय पायजे ना."

१६ नोव्हें., रविवार

होडीची एक जुनी फळी पडली होती मागच्या अंगणात. वं. ने ती वलांडीजवळ दोन पिंपांवर आडवी टाकली. वर बोंबील वाळतायत, खाली ही. जुनी वायरिंग फळीवर पसरली, जिथे जिथे फांदी फुटते तिथे दोन दोन खिळे ठोकले. मग जुनी उचलून बाजूला ठेवली. फळीवर फक्त खिळे राहिले. मला ते नुसते खिळे दिसत होते. तिला त्यात गाडी दिसत होती.

त्यानंतर एक तास मी ओट्यावर बसून फक्त बघितलं. वायर खिळ्यांतून जायची, वळायची, कात्रीने तुटायची, टोक सोललं जायचं. हात एकदाही मागे आला नाही. मधेच कापलेल्या वायरीकडे न बघता सांगायची, ही चार बोटं जास्त झाली. मोजली तर तेवढीच जास्त. कंपनीत फळी सरकत यायची म्हणे. ती समोर असेपर्यंत आपल्या वायरी टाकायच्या, मग ती पुढे निघून जायची. पुढे तिचं काय होतं कधी बघितलं नाही. "चौदा वर्सांत एकदा पण लागलेली नाय बगितली गाडीत."

शेवटी टेप. पाय पसरून बसली, जुडी मांडीवर. सरळ हाताने, तिरकी, एकसारखी.

बावीस वर्षं या बाईबरोबर राहतोय. देवळात जाऊन मन असं गप्प होत नाही माझं.

१७ नोव्हें., सोमवार

वायरिंग बसली. परतीची काळी वायर जिथे लागते त्या गंजलेल्या बोल्टखालचा पत्रा तिने कानशीने घासून चांदीसारखा केला, नवा बोल्ट, वर ग्रीस. पुढचा बोल्टही घासला. आता वायपर हेडलाइटसकट चालतो.

सगळे दिवे लावून गाडीभोवती दोनदा फिरलो. वं. म्हणाली, बॅटरी उतरंल, बंद करा.

२० नोव्हें., गुरुवार

पालघर. वं. बरोबर. निघताना वळणावर इंडिकेटर द्यायचा तर मन लावून दिला.

इन्स्पेक्टर तेच. ब्रेक, डावा, उजवा, हेडलाइट, हॉर्न, वायपर. मग पुन्हा एकदा सगळं एकत्र. त्यांनी मागचं दार उघडायला लावलं, वाकून बघितलं आणि बराच वेळ वाकूनच राहिले. विचारलं, कुठे करून घेतलीत? मी वं. कडे हात केला. त्यांनी तिला विचारलं, कंपनीची आहे का? ती म्हणाली, नाय, घरची. ते हसले नाहीत. टेपवरून बोट फिरवलं, जसं तिने फिरवलं होतं. म्हणाले, "बाई, असं काम मी नव्या गाडीतसुद्धा रोज बघत नाही."

वं. पदर सारखा करत दुसरीकडे बघत राहिली.

तपासणीच्या कागदावर दिव्यांपुढे सगळीकडे बरोबरची खूण. पण दुसरीच अडचण. हाताच्या दांड्याची नोंद गाडीच्या जुन्या पुस्तकात आहे, कॉम्प्युटरवर नाही. त्यावर वरच्या साहेबांची सही लागणार. इन्स्पेक्टर म्हणाले, मी माझ्याकडून लिहून देतो, पण हातात माझ्या नाही. मोबाइलवर मेसेज येईल.

परतताना उमरोळीच्या पुढे वं. म्हणाली, गाडीत लागलेली बघितली आज.

२५ नोव्हें., मंगळवार

मेसेज नाही. फोन केला, फाइल टेबलावर आहे म्हणाले.

शाळेत मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाई वीजमंडलाचा धडा काढत होत्या. त्यांना वं. चं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना एकदा वर्गावर आणा ना. घरी विचारलं. वं. म्हणाली, मी काय बोलणार पोरांसमोर. नाही असं मात्र म्हणाली नाही.

२९ नोव्हें., शनिवार

मेसेज नाही आला. आज-उद्या ऑफिसला सुट्टी. म्हणजे सोमवारी गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. रिक्षावाल्या मोरेश्वरला सांगून ठेवलं, पुढची सीट.

पाय दुखतोय.

३० नोव्हें., रविवार

मुदत आज संपली.

सकाळी उठलो तर अंगणात खिळे ठोकल्याचा आवाज. वं. ने फळी पुन्हा पिंपांवर टाकलेली. गाडीचं बॉनेट उघडं, पुढची वायरिंग बाहेर, चादरीवर. काल बाजारात गेली होती ती यासाठी, पिशवीत वायरीच वायरी. मला वाटलं होतं भाजी.

म्हटलं, पुढचे दिवे तर चालतायत. आणि अजून कागद आलेला नाही. आलाच नाही तर?

तिने खिळा ठोकून पूर्ण केला. "आतून सडलीय ती. मी बगितलीय."
पण गाडी रस्त्यावरच गेली नाही तर?
"तरी."

मी उभाच होतो. तिने एका हिरव्या वायरीचं टोक माझ्या हातात दिलं, म्हणाली, असं घट्ट धरा, हलू नका. आणि रीळ सोडत फळीच्या दुसऱ्या टोकाला गेली. कुठली वायर आहे ही, मी विचारलं. या वेळी विचारलं. ती वाकून डोळा बारीक करून वायरीवरून माझ्याकडे बघत होती, खिळ्याच्या रेषेत आहे का ते. "सांगते," म्हणाली, "आधी जरा वर घ्या हात."

घेतला.