हलणाऱ्या पाच रेषा

ती. बेरिल मावशीस, अ‍ॅडलेडहून भाची मोर्वेनाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? ओपलचे खडे खणायला अजून स्वतः खाणीत उतरतेस असं आईकडून कळलं, आणि तुला अडवण्यात अर्थ नाही हेही तिनंच सांगितलं. मी बरी आहे. (उन्हाळ्यानं जरा वितळलेय, पण आकार शाबूत आहे.)

मी दिवसभर करते तरी काय, असं तू विचारलं होतंस. केसाएवढ्या काचेच्या फायबरचं वेटोळं करायचं, त्यातून लेसरचे पाच रंग एकदम काढायचे, आणि हवा तो रंग हवा तेवढा सरकवता यायला हवा, असं यंत्र मी आणि अ‍ॅन्सल कुकेल जुळवतोय. (अ‍ॅन्सल म्हणजे शेजारच्या टेबलावरचा, बरोसा खोऱ्यातला, बोलण्याआधी चष्मा पुसणारा.) खाणीतल्या निरनिराळ्या घातक वायूंची चाहूल एकाच यंत्राला लागावी, म्हणून हा खटाटोप. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. पडद्यावर नुसत्या पाच उभ्या रेषा उमटतात, दर रंगाची एक. त्यांच्याकडे बघत बसलं की दुपार कुठं विरघळते कळत नाही. मी कॉफी ढवळत राहते आणि प्यायची विसरते.

पण त्यातली एक रेषा नेहमी अधाशी निघायची. बाकीच्यांच्या वाटची ताकद पिऊन ताडमाड व्हायची, आणि त्या बिचाऱ्या विझायच्या. आम्ही फायबर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला, तर पाचही जणी गुण्यागोविंदानं नांदल्या. आमचे प्रयोगशाळेतले सर म्हणाले, छान, आता हे वाफाळतं गार पिंप खाणीत कोण नेणार? मग सगळा आराखडाच बदलला. वेटोळ्यात आणखी पुष्कळ साधा फायबर घातला, आणि जी रेषा जास्त माजेल तिचीच गळती जास्त होईल अशी सोय केली. पाचही रेषा एका उंचीवर उभ्या राहिल्या तेव्हा अ‍ॅन्सलनं चष्मा न पुसता माझ्याकडे पाहिलं. (बराच वेळ पाहिलं. असो.)

खाणकंपनीच्या ट्रेझाइजबाई यंत्र बघायला आल्या, तो दिवस नुसती भट्टी. त्यात एसी बंद पडलेला, आणि अ‍ॅन्सलनं बाईंसाठी आणलेली गरमागरम पेस्टी, म्हणजे खिमा भरलेली मोठी करंजीच, नेमकी फायबरच्या पेटीवर ठेवली. त्या उष्णतेनं रेषा हळूहळू सरकायला लागल्या, तळ्यात बदकं निघावीत तशा. मी घाईघाईनं सांगितलं की रंग सरकतात हीच तर यंत्राची खुबी आहे.

"तुम्ही हलवताय, की त्या हलतायत?" बाईंनी विचारलं.

अ‍ॅन्सल काहीतरी थाप मारणार होता. पण बाईंचा भाऊ खाणीतल्या वायूनंच गेला, हे मला ठाऊक होतं. "त्या हलतायत," मी म्हणाले.

बाईंनी शांतपणे पेस्टी संपवली, बोटं पुसली. "स्थिर झाल्या की बोलवा. तोवर मी दुसऱ्या कुणाकडे जात नाही."

तर असं आमचं चाललंय. गुडघ्याला जप, नाहीतर निदान आईला कळू देऊ नकोस.

तुझी,
मोर्वेना

ता.क. तुझं घर जमिनीखाली, बारा महिने गारवा एकसारखा. आमच्या पेटीला अशीच जागा हवी आहे. महिनाभर दोन खोल्या देशील का? अ‍ॅन्सलही येईल.

पुन्हा ता.क. खरं सांगायचं तर पेटीला लोकर गुंडाळल्यावर रेषा परवाच जागच्या जागी थांबल्या, आणि ट्रेझाइजबाईंना निरोपही गेला. अ‍ॅन्सलला हे पक्कं ठाऊक आहे. लोकर त्यानंच गुंडाळली. तरी तुझ्याकडे कूबर पीडीला गेल्याशिवाय भागायचं नाही, असं आम्ही दोघंही एकमेकांना रोज गंभीर चेहऱ्यानं पटवतोय. तेव्हा दोन नको, एकच खोली झाडून ठेव.