रेघ सरकली

मंगळवार, उस्मानपुरा

रेघ सरकली! प्रयोगशाळेच्या यंत्रातल्या प्लाझ्मातले, म्हणजे अतितप्त वायूतले, आयन आपल्याकडं येत असले की त्यांच्या प्रकाशाची रेघ निळ्या बाजूला सरकते, लांब जात असले की तांबड्या. गेल्या खेपेला सरकली म्हणून मी नाचले, आईनं देवापुढं साखर ठेवली. मग कळलं, यंत्राच्या समोरासमोरच्या दोन्ही खिडक्यांतून ती निळ्याकडंच गेलीय. खरा प्रवाह एका खिडकीकडं येतो तेव्हा दुसरीपासून लांब जातो; म्हणजे हा आयनांचा प्रवाह नव्हेच, खोली तापून रेघ मोजणारा आमचा वर्णपटमापकच हललेला! लई लाज वाटली.

आज प्रयोगशाळेनं एसी दिवसभर चालू ठेवून नवी मापं पाठवली. बघितली आणि ओरडले, "आई, सरकली!"

साखरेचा डबा हातात धरूनच आई म्हणाली, "थांब गं. दुसऱ्या खिडकीतून बघितलंस का?"

"व्हय! तिथं उलटी गेलीय, तांबड्याकडं!"

मग तिनं डबा उघडला. साखर अजून तोंडात आहे.