बेरीज शून्य असलेल्या दोघांविषयी

प्रिय (आणि अजून रागावलेल्या) एर्वानमामास,

नोल्वेनकडून दोन्ही गालांवर पापे. गुडघा कसा आहे? कँपेरला वारा फार असतो, टोपी घालत जा. बोट विकण्यावरून भांडल्यापासून तू आणि आई एका छपराखाली आला नाहीत, म्हणून इकडची खबर मीच कळवते.

माझ्या प्रबंधाला भोक पडलं होतं रे! माझ्या समीकरणाला चार मुळं. खेळ असा की मुळांची आपसात अदलाबदल करायची, पण त्यांची नाती मोडायची नाहीत. पहिल्या दोघांची बेरीज शून्य (कायम पाठ फिरवून बसलेले, तुम्हां दोघांसारखे). मी खुशाल दोघांचीच अदलाबदल करून मोकळी झाले. तिसऱ्याचा पहिल्याशी गुणाकार एक येतो, हे लक्षातच नाही! अदलाबदलीनंतर तो आला उणे एक. झालं, नातं मोडलं, आणि पाच पानं पाण्यात.

हे बाईंच्या कानात सांगावं (मादाम लोरिऊ, माझ्या मार्गदर्शक), म्हणून रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले, तर टेबलावरच्या नावाच्या चिठ्ठ्यांनी मला त्यांच्या शेजारी नाही, अगदी समोर बसवलेलं. कुणी बघत नाहीसं पाहून मी दोन चिठ्ठ्या बदलल्या. तर एक जोडपं शेजारी शेजारी आलं! मेजवानीत नवरा-बायकोला लांब लांब बसवायची रीत ना! तिसरी बदलली, तर एकमेकांचं तोंड न बघणारे दोन प्राध्यापक खेटून बसले. ते निस्तरता निस्तरता आख्खं टेबल फिरलं, सगळ्यांच्या जागा बदलल्या, कुणाचंही नातं मोडलं नाही, आणि मी? पुन्हा बाईंच्या बरोबर समोर!

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. हातात सूपचा चमचा घेऊन मी उभी राहिले आणि ओरडले, "दोघांना एकटं हलवताच येत नाही! उरलेल्या दोघांनाही हलवायला हवं!"

बाई म्हणाल्या, "अगं, तीन महिने मी दुसरं काय सांगतेय? बस आता, सूप गार होतंय."

प्रबंध बचावला, मामा. मी घरी येऊन चक्क रडले.

तुझी,
नोल्वेन

ता. क. शुक्रवारी दुपारी माझी तोंडी परीक्षा. नंतरचं खाणंपिणं घरच्यांनीच द्यायचं असतं. गॅलेटची धिरडी आई भाजणार, सफरचंदाचं सायडर तू आणायचं. तू समोर नसलास तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. ये ना रे!

ता. ता. क. हे पत्र लिहिलंय हे आईला अजिबात ठाऊक नाही. (तिकीट तिनंच चिकटवलं.)